भिंगऱ्यांच्या पेट्या रिकाम्या राहू लागल्या, याचा अर्थ कसा लावावा?

तळ्याकाठची

नमस्कार. न्यूयॉर्क राज्याच्या मध्यभागी, कयूगा सरोवरापासून थोड्या अंतरावर, एका जुन्या गवताळ शेताच्या कडेला आम्ही अकरा वर्षांपासून राहतो. घरामागे लहानसे तळे आहे. इथे आलो त्याच वर्षी शेताच्या बांधाने बारा लाकडी पेट्या खांबांवर बसवल्या. या पेट्या मुख्यतः ट्री स्वॉलो या पक्ष्यासाठी आहेत. हा पक्षी आपल्या माळभिंगरीच्या कुळातला असल्यामुळे घरी आम्ही त्याला भिंगरीच म्हणतो आणि इथेही तेच नाव वापरते. पाठ निळी-हिरवी चकाकणारी, पोट पांढरेशुभ्र, वजन जेमतेम वीस ग्रॅम, आणि खाणे जवळजवळ सगळे हवेत उडतानाच टिपलेले कीटक.

पहिली पाच-सहा वर्षे एप्रिलच्या अखेरीस बाराही पेट्यांवर हक्क सांगितला जात असे आणि एकेका पेटीसाठी दोन-तीन जोड्या हवेत झगडताना दिसत. नंतर हे झगडे कमी झाले. गेल्या तीन वर्षांत अनुक्रमे सात, पाच आणि पाचच पेट्यांत अंडी घातली गेली. दर वर्षी शिशिरात मी पेट्या स्वच्छ करते, रॅकून वर चढू नयेत म्हणून प्रत्येक खांबाला पत्र्याचे नळकांडे बसवलेले आहे आणि हाऊस स्पॅरो, म्हणजे आपली चिमणी, आमच्याकडे क्वचितच येते. याच काळात ब्लूबर्ड या निळ्या पक्ष्याच्या जोड्या मात्र एकीवरून तीनवर गेल्या आहेत, आणि मला कोडे पडले आहे ते इथेच. दोघेही कीटक खातात, दोघांनाही त्याच पेट्या चालतात, मग एकाची संख्या वाढावी आणि दुसऱ्याची घटावी, हे कसे?

शेजारच्या वृद्ध गृहस्थांचे म्हणणे आहे की आणखी पेट्या लावाव्यात. मला ते पटत नाही, पण न पटण्याचे कारणही नीट मांडता येत नाही. माझ्या पाच पेट्यांवरून भिंगऱ्या खरोखर कमी झाल्या असे म्हणता येईल का, की त्या फक्त दुसरीकडे गेल्या असतील? पहिल्या अंड्याच्या तारखा आणि उडालेल्या पिल्लांची संख्या मी वहीत लिहून ठेवलेली आहे.

मोजणीदार

तुमच्या प्रश्नाचे दोन भाग वेगळे करायला हवेत, कारण पेट्यांतील जोड्यांची संख्या आणि परिसरातील पक्ष्यांची संख्या या एकच गोष्ट नव्हेत. मी कॅनडातल्या ओंटारियोत राहतो आणि गेली काही वर्षे जून महिन्यातल्या पक्षीगणनेत एक मार्ग सांभाळतो. १९६६ साली सुरू झालेल्या या गणनेत प्रत्येक मार्ग ३९.४ किलोमीटरचा असतो, त्यावर ५० थांबे असतात आणि प्रत्येक थांब्यावर तीन मिनिटे थांबून दिसलेला व ऐकू आलेला प्रत्येक पक्षी लिहायचा असतो. पेटी असो वा नसो, पक्षी मोजला जातो, आणि म्हणूनच तुमच्या वहीतला आकडा अशा गणनेच्या शेजारी ठेवूनच वाचावा लागतो.

या गणनेने गेल्या काही दशकांत दाखवलेले चित्र असे, की हवेत उडत कीटक टिपणाऱ्या पक्ष्यांची घट सर्वत्र सारखी नाही. ईशान्य अमेरिका आणि पूर्व कॅनडा या पट्ट्यात ती अधिक तीव्र आहे आणि बऱ्याच जातींत १९८०च्या दशकापासून ठळक होत गेली आहे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात उत्तर अमेरिकेतील पक्षी १९७० नंतर सुमारे २९० कोटींनी घटल्याचे दाखवले गेले. त्यात हवाई कीटकभक्षकांची घट साधारण ३२ टक्के निघाली. तुमचे गाव नेमके या पट्ट्यात येते, त्यामुळे तुमच्या पेट्या मोठ्या चित्राशी विसंगत नाहीत.

आता पेट्यांविषयी. भिंगरीला स्वतःचे बीळ कोरता येत नाही. सुतारपक्ष्याने सोडलेली ढोली किंवा माणसाने लावलेली पेटी मिळाली तरच तिचा संसार उभा राहतो. अशा जागा नेहमीच अपुऱ्या असल्यामुळे परिसरात घर न मिळालेल्या माद्यांची एक मोठी फळी फिरत असते. किंग्स्टनजवळ १९८०च्या दशकात झालेल्या संशोधनात ही फळी फार स्पष्टपणे दिसून आली. पेटीतली मादी काढून घेतली, तर थोड्याच वेळात दुसरी तिची जागा घेत असे, आणि जागा घेणारी बहुधा पहिल्या वर्षाची, तपकिरी पाठीची मादी असे. भिंगरीची मादी पहिल्या विणीच्या हंगामात बहुधा तपकिरी असते आणि पुढच्या वर्षापासून निळी-हिरवी होते. उत्तर अमेरिकेतल्या गाणाऱ्या पक्ष्यांत हे फार विरळा आहे.

या गोष्टीचा तुमच्या प्रश्नाशी थेट संबंध आहे. संख्या घटू लागते तेव्हा आधी ही बिनघराची फळी विरळ होते. पेट्या मात्र भरलेल्याच राहतात, कारण रिकामी झालेली प्रत्येक जागा भरून काढायला कोणी ना कोणी हजर असते. फळी संपली की मगच पेट्या ओस पडू लागतात. म्हणजे तुमच्याकडे पेट्या रिकाम्या दिसू लागल्या त्या वर्षी घट सुरू झाली असे मानू नये. हवेतले झगडे थांबले तेव्हाच ती बरीच पुढे गेलेली असावी. आणि म्हणूनच नव्या पेट्या लावल्याने काही होणार नाही, कारण कमतरता घरांची उरलेलीच नाही. आहेत त्या पाच जोड्या फार तर पसरून बसतील.

निष्कर्ष काढण्यापूर्वी मात्र एक शंका तपासायला हवी. अकरा वर्षांत तुमच्या बांधावरची झुडपे वाढली आहेत का? भिंगरीला पेटीसमोर मोकळे आकाश लागते. झुडपे जवळ आली की तिथे हाऊस रेन हा लहानसा पक्षी येतो, पेटीत काटक्या कोंबून ठेवतो आणि शेजारच्या पेट्यांतली अंडीही फोडतो. तसे असेल, तर तुमच्या घटीचा काही भाग निव्वळ स्थानिक ठरेल. शिवाय पेट्यांतल्या माद्या निळ्या असतात की तपकिरी, हे लिहून ठेवले आहे का?

द्रेन्थवासी

मी नेदरलँड्समध्ये राहतो आणि इथल्या पेट्यांचा इतिहास या चर्चेत उपयोगी पडेल असे वाटते. इकडे पेट्यांतल्या पक्ष्यांचा अभ्यास फार जुना आहे. होगे वेलुवेच्या जंगलातली ग्रेट टिट या लहान पक्ष्याची नोंद १९५५ पासून अखंड चालू आहे, आणि इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डजवळच्या वायटम जंगलात तर ती १९४७ पासून आहे. इतकी सलग माहिती हाती असल्यामुळेच युरोपात एक मोठी गोष्ट पुराव्यासह मांडता आली.

ती गोष्ट पाइड फ्लायकॅचरची आहे. हा काळा-पांढरा लहानसा माशीमार पश्चिम आफ्रिकेत हिवाळा काढतो, एप्रिलच्या मध्यापासून इकडे परततो आणि पेट्यांत घरटे करतो. खरे तर विसाव्या शतकात तो डच जंगलांत पसरला तो बऱ्याच अंशी पेट्यांमुळेच. त्याच्या पिल्लांचे मुख्य अन्न म्हणजे ओकच्या कोवळ्या पानांवर वाढणाऱ्या अळ्या. या अळ्यांचा बहर दोन-तीन आठवडेच टिकतो. वसंत ऋतू उबदार होत गेला तसा ओक लवकर पालवू लागला आणि अळ्यांचा बहरही लवकर येऊ लागला. आफ्रिकेत बसलेल्या पक्ष्याला मात्र इथल्या उबेची वार्ता कशी कळावी? तो निघतो तो मुख्यतः दिवसाच्या लांबीवरून. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नऊ डच ठिकाणांची तुलना केली होती. जिथे अळ्यांचा बहर फार लवकर येऊ लागला होता, तिथे दोन दशकांत या माशीमाराची संख्या सुमारे ९० टक्क्यांनी घटली होती, आणि जिथे बहर उशिराच येत होता, तिथे घट जेमतेम १० टक्के होती. पेट्या दोन्हीकडे होत्या, टांगणारी माणसेही सारखीच काळजी घेणारी होती. फरक होता तो पानांवरच्या अळ्यांच्या तारखांचा.

ग्रेट टिट हा वर्षभर इथेच राहणारा पक्षी असल्यामुळे त्याने आपली अंडी घालण्याची तारीख बऱ्याच प्रमाणात लवकर आणली. त्यातून आणखी एक संघर्ष उभा राहिला. उशिरा आलेला माशीमार टिटच्या पेटीत शिरला की टिट त्याला ठार मारतो. इथल्या द्रेन्थ प्रांतातल्या पेट्यांत काही वर्षी माशीमारांच्या नरांपैकी जवळजवळ दहावा हिस्सा असा मेलेला आढळला. पेट्या उघडून पाहणाऱ्या माणसासाठी तो अनुभव फार वाईट असतो, हे मी स्वतः पाहिलेले आहे.

तुमच्याकडे पहिल्या अंड्याच्या तारखा आहेत, म्हणून विचारतो: त्या लवकर येऊ लागल्या आहेत का?

तळ्याकाठची

दोघांचे मनापासून आभार. वही काढून पाहिली. पहिल्या चार वर्षांत पहिले अंडे साधारण १२ ते १५ मेच्या दरम्यान असे. अलीकडे ते ७ ते १० मेच्या आसपास येते. अकरा वर्षांवरून फार काही ठरवता येत नाही याची मला जाणीव आहे. पण आणखी एक नोंद आहे, ती लिहिताना आजही त्रास होतो. दोन वर्षी मेच्या अखेरीस थंडी आणि पाऊस सलग तीन-चार दिवस राहिला, आणि त्यानंतर पेटी उघडली तेव्हा सगळी पिल्ले पिसांच्या गादीवर एकमेकांना चिकटून मेलेली होती. त्या दोन्ही वेळी ब्लूबर्डची पिल्ले मात्र वाचली.

झुडपांविषयीचे म्हणणे बरोबर आहे. पूर्वेकडच्या बांधावर रानगुलाब आणि हनीसकल बरेच वाढले आहेत आणि तिथल्या तीन पेट्यांत मला काटक्या सापडल्या होत्या. मी त्या घाण म्हणून काढून टाकत राहिले. माद्यांचा रंग मात्र कधीच लिहिला नाही.

अळीपासून_पाखरापर्यंत

मी कीटकशास्त्राचा विद्यार्थी आहे. पिल्लांच्या मृत्यूविषयी तुम्ही लिहिले आहे ते या चर्चेतले सर्वांत महत्त्वाचे वाक्य आहे असे मला वाटते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

द्रेन्थवासींनी सांगितलेले कारण माशीमाराला अगदी नेमके लागू पडते, परंतु ते भिंगरीला जसेच्या तसे लावू नये. माशीमाराची पिल्ले अळ्यांच्या एका बहरावर वाढतात आणि तो बहर हुकला की हुकला. भिंगरीचे अन्न माश्या, चिलटे, मेफ्लाय, लहान भुंगेरे असे मिश्र असते आणि इथे मे-जून महिन्यांत त्यांची संख्या एका शिखरावरून कोसळत नाही, ती हंगामभर साधारण वाढत जाते. म्हणजे भिंगरी उशिरा पोहोचते हा तिचा प्रश्नच नाही. तिचा प्रश्न दिवसाच्या तापमानाचा आहे. तुमच्या घरापासून फार दूर नसलेल्या इथाकाच्या परिसरात झालेल्या दीर्घ अभ्यासातून दिसले की दिवसाचे कमाल तापमान सुमारे १८.५ अंश सेल्सिअसच्या खाली राहिले तर हवेत उडणारे कीटक जवळजवळ नाहीसे होतात. ते मरत नाहीत, पण गवतात आणि पानांखाली गप्प बसून राहतात, आणि भिंगरीला बसलेला कीटक शोधून टिपता येत नाही.

ब्लूबर्डचे कोडे इथेच सुटते. ब्लूबर्ड तारेवर किंवा खांबावर बसून जमिनीवरचा नाकतोडा, भुंगेरा, अळी हेरतो आणि खाली झेप घेऊन उचलतो. थंड दिवशीही जमिनीवर काही ना काही असतेच, आणि हिवाळ्यात तो फळांवर राहतो. दोघेही कीटकभक्षक खरे, पण एकाचे ताट जमिनीवर वाढलेले आहे आणि दुसऱ्याचे हवेत. शिवाय ब्लूबर्डला विसाव्या शतकात खरोखरच घरांची टंचाई भोवली होती. जुनी झाडे तोडली गेली, आणि १८९०-९१ मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात सोडलेल्या युरोपीय स्टार्लिंग पक्ष्यांच्या वंशजांनी उरलेल्या ढोल्या बळकावल्या. त्यामुळे १९७८ साली ब्लूबर्डसाठी स्वतंत्र संस्था स्थापन होऊन गावोगावी पेट्यांच्या रांगा उभ्या राहिल्या तेव्हा त्याची संख्या सावरली. पेटीने जे दुखणे बरे होते ते त्याला होते. भिंगरीला आज जे आहे ते त्याहून वेगळे आहे.

तारखांविषयी २०२० साली इथाकाच्याच नोंदींवर प्रसिद्ध झालेला अभ्यास जरूर लक्षात घ्यावा. वसंत उबदार झाला म्हणून भिंगऱ्या दशकागणिक सुमारे तीन दिवस लवकर अंडी घालू लागल्या आहेत. परंतु मेच्या अखेरीस येणाऱ्या थंड लाटा मात्र थांबलेल्या नाहीत. परिणामी पिल्ले अंड्यातून बाहेर येतात ती नेमकी थंड लाटेच्या तोंडावर, आणि १९७०च्या दशकाच्या तुलनेत हा धोका जवळपास दुप्पट झाला आहे. माशीमाराला उशीर भोवला, आणि भिंगरीला घाई भोवते आहे. ऋतूशी जुळवून घेणारा पक्षी सुरक्षित राहील असे आपण सहज गृहीत धरतो, म्हणून हा निष्कर्ष मला फार अस्वस्थ करतो.

ओंटारियोत १९७५ पासून चालू असलेल्या नोंदींतही पिल्लांच्या वाढीच्या काळातला पाऊस हे मोठे कारण म्हणून पुढे आलेले आहे, ते मोजणीदारांना ठाऊक असेलच.

कीटक कमी झाले आहेत का, हा प्रश्न याच्याच पोटात येतो. जर्मनीतल्या ६३ संरक्षित ठिकाणी २७ वर्षांत उडत्या कीटकांचे एकूण वजन ७५ टक्क्यांहून अधिक घटल्याचे २०१७ साली प्रसिद्ध झाले. दक्षिण क्वेबेकमध्ये २००४ पासून ४० शेतांवर प्रत्येकी दहा अशा ४०० पेट्यांचा अभ्यास चालू आहे, आणि तिथे जेवढी मका-सोयाबीनची सलग शेती अधिक, तेवढी भिंगरीची परिस्थिती बिकट असे दिसते. गुरांची कुरणे आणि गवत उरलेल्या शेतांवर ती बरी आहे. तुमचे शेत गवताळ आहे ही जमेची बाजू आहे, पण शेजारच्या मैलभरात काय पिकते हेही पाहावे.

आणि तळे फार मोलाचे आहे. पाण्यातून वर येणाऱ्या कीटकांत ओमेगा-३ प्रकारची दीर्घ साखळीची मेदाम्ले असतात, जमिनीवरच्या कीटकांत ती फार थोडी असतात. भिंगरीच्या पिल्लांना वेगवेगळे खाणे देऊन पाहिले तेव्हा हा मेद असलेले थोडे खाणे मिळालेली पिल्ले, तो नसलेले भरपूर खाणे मिळालेल्या पिल्लांपेक्षा चांगली वाढली. केवळ कीटक किती यावर सगळे अवलंबून नसते, ते कुठून आले यालाही महत्त्व आहे.

द्रेन्थवासी

भेद मान्य आहे आणि तो इतका स्पष्ट मांडल्याबद्दल आभार. पाण्याच्या मुद्द्याला जोडून एक सांगतो. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या डच अभ्यासात पृष्ठजलातले इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक लिटरला २० नॅनोग्रॅमहून अधिक असलेल्या भागांत कीटकभक्षी पक्षी वर्षाला सरासरी ३.५ टक्क्यांनी घटत असल्याचे आढळले. तळे असणे आणि तळे स्वच्छ असणे यांत अंतर आहे, म्हणून वरच्या शेतातून वाहून येणारे पाणी कुठून येते हे तळ्याकाठच्या ताईंनी जरूर तपासावे.

सह्यकडा

मी साताऱ्यात राहतो. ही चर्चा वाचताना आपल्याकडच्या चिमणीच्या पेट्यांचा विचार सारखा मनात येत होता. तिकडे जी चिमणी भिंगरीच्या पेटीतली घुसखोर ठरते, तिच्याचसाठी आपण इकडे गॅलरीत लाकडी घरटी टांगतो आणि २० मार्चला तिचा दिवस पाळतो. चिमणीला दाणे खाणारा पक्षी म्हणून आपण ओळखतो, पण तिच्या पिल्लांना पहिल्या दिवसांत अळ्या आणि मऊ कीटकच लागतात. इमारतीत पेटी टांगली, बाजरी टाकली, आणि खाली अंगणाच्या जागी फरशी असेल, तर मोजणीदार म्हणाले तीच गत होते: घर आहे, पण पिल्लाच्या तोंडात घालायला काही नाही. आमच्या सोसायटीत पेट्यांखाली देशी झुडपे लावावीत असा ठराव मी मांडला होता. या चर्चेतली माहिती पुढच्या सभेत वापरली तर चालेल ना?

आमच्या आवारात दयाळानेही एका पेटीत दोनदा वीण केली आहे. तोही कीटक खाणाराच, पण जमिनीवर उतरून टिपणारा, म्हणजे वरच्या विभागणीप्रमाणे ब्लूबर्डच्या पंक्तीतला.

तळ्याकाठची

जरूर वापरा. मीही ठरवले आहे. पूर्वेकडच्या तीन पेट्या झुडपांपासून दूर, तळ्याच्या मोकळ्या बाजूला हलवीन आणि नव्या लावणार नाही. तळ्याच्या काठचे गवत आम्ही दर पंधरा दिवसांनी कापत असू, ते थांबवू. वरच्या बाजूला मक्याचे शेत आहे आणि त्याचा उतार आमच्याकडेच आहे. त्या शेतकऱ्यांशी आमचे चांगले बोलणे आहे, तेव्हा मधे गवताचा रुंद पट्टा ठेवता येईल का, हे त्यांना विचारणार आहे. शेजारच्या आजोबांना आता कारणही सांगता येईल.

माद्यांच्या रंगाची नोंद नेमकी केव्हा घ्यावी?

मोजणीदार

अंडी उबवण्याच्या काळात, म्हणजे तुमच्याकडे साधारण १५ मेपासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. उबवण्याचे काम फक्त मादी करते, त्यामुळे पेटीत बसलेली दिसली ती मादीच. दुपारच्या उन्हात पेटी हळूच उघडून पाठीचा रंग पाहावा, आणि थंड किंवा पावसाच्या दिवशी पेटीला अजिबात हात लावू नये. पूर्ण तपकिरी, निम्मी निळी आणि पूर्ण निळी असे तीन प्रकार लिहिले तरी पुरे. उशीर मात्र करू नका, कारण जूनच्या अखेरीपासून पेटीबाहेर पडलेली पिल्लेही वरून करडी-तपकिरी असतात, आणि तारेवर बसलेले पिल्लू लांबून पहिल्या वर्षाच्या मादीसारखेच दिसते.